डिजिटल ट्विनमध्ये माझ्या मोऱ्या कशा घालायच्या?

धारबांदोड्याचा_सुपरवायझर

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंडा–मोले पट्ट्यात, म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग 4-अ, आताचा 748, तिथे ठेकेदाराकडे रस्त्याच्या देखभालीचं काम बघतो. अकरा पावसाळे झाले. आमच्या भागाचा डिजिटल ट्विन, म्हणजे रस्त्याची संगणकातली जुळी प्रत, होतोय. मार्चमध्ये छपरावर लेझर लावलेली गाडी फिरून गेली, आणि परवा ऑफिसात स्क्रीनवर सगळं बघितलं. फलक, पट्टे, कठडे, कडेचा काजूसुद्धा जागच्या जागी.

मग मी माझी मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, शोधली. उसगाव सोडल्यावर उतारावर 900 मिमीचा ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचा पाइप, आहे. स्क्रीनवर तिथे नुसतं डांबर! गेल्या जुलैत त्याच पाइपाच्या तोंडात झावळ्या आणि प्लास्टिक अडकलं. डोंगराकडचं पाणी तुंबलं आणि रात्रभर भरावात मुरत राहिलं. सकाळी सहाला पांढऱ्या पट्टीजवळ चंद्रकोरीसारखी भेग, बोट जाईल एवढी. शंकू लावून लेन बंद केली, आणि नऊच्या सुमारास ती कड गुडघाभर खाली बसली. पाइप साफ करायला माणसं द्या म्हणून मी जूनमध्ये दोनदा लेखी कळवलं होतं.

माझ्या वहीत अशा 43 मोऱ्या आहेत. कुठली कधी तुंबते, पाणी कुठवर चढतं, सगळं. ते ट्विनमध्ये जातं का? कोणी घातलंय का?

सांताक्रूझची_लेक

दादा, तुम्हाला दाखवलं ते अजून ट्विन नाही, ते त्रिमितीय मॉडेल. मार्चमधला फोटोच म्हणा. जागेवरची मापं सतत येत राहिली, त्यांनी मॉडेल बदललं आणि त्यावरून पुढचा हिशेब निघाला, तर तो ट्विन.

मी पुण्यात पुलांच्या सेन्सरचं काम करते. झुवारीच्या नव्या पुलासारखा केबलांवर तोललेला पूल घ्या. केबलची कंपनसंख्या, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा थरथरते, ते मोजलं की ताण कळतो, कारण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कंपनसंख्या 1 टक्का उतरली तर ताण साधारण 2 टक्के उतरला. उन्हानेही आकडा हलतो, म्हणून आधी निदान वर्षभराची नोंद हवी.

तुमच्या मोरीला एवढंही नको. पाइपाच्या वरच्या तोंडाशी एक आणि खालच्या तोंडाशी एक, असे पाण्याची पातळी मोजणारे दोन सेन्सर बसवा. पाऊस पडतोय, वर पाणी चढतंय आणि खाली चढत नाही, म्हणजे पाइप तुंबला. भेग पडायच्या कितीतरी आधी फोनवर सूचना येईल. 43 ठिकाणी नकोत, तुमच्या वहीतल्या सगळ्यात वाईट पाचांना लावा. बाकीच्यांच्या हेडवॉलवर, म्हणजे पाइपाच्या तोंडाशी असलेल्या भिंतीवर, रंगाने नंबर टाका आणि त्याच नंबराने प्रत्येक पाहणी मॉडेलला जोडा. लेझरला पाइपाच्या आतलं दिसत नाही, ती माहिती माणसानेच द्यायची.

पर्वरीचे_काका

5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी पणजीत नोकरीला होतो. त्यानंतर रोज फेरीबोट, भर पावसात, डबा छातीशी धरून. पुढे झुवारीच्या जुन्या पुलावर अवजड गाड्यांना बंदी आली तेव्हाही पोटात तेच भय. आत काय झिजतंय ते आम्हा प्रवाशांना कोणी सांगत नव्हतं. बाळा, तुझी वही दे त्यांना, पण मूळ प्रत तुझ्याकडेच ठेव. आणि एक विचार. सूचना आली की पाइप साफ करायला कोण जाणार, किती वेळात? ते नाव त्या यंत्रात आहे का?

धारबांदोड्याचा_सुपरवायझर

ताई, दोन सेन्सरांची गोष्ट आज साहेबांना सांगितली. पाच ठिकाणांची यादी मागितलीय त्यांनी. काका, तुमचा प्रश्नही तसाच विचारला. नाव नाहीये. सूचना थेट कंट्रोल रूमला जाणार आणि तिथून मेल. रात्री दोन वाजता मेल कोण बघतं? माझा आणि गँगच्या मुकादमाचा नंबर घाला म्हणून अर्ज लिहिलाय, उद्या देतो. शनिवारी रंगाचा डबा घेऊन निघतोय. पहिला नंबर उसगावच्या पाइपाला.