मदत हवी आहे: लेकीचे घट्ट कुरळे केस आणि टँकरचं पाणी

नमस्कार. मी मराठी, नवरा केनियाचा, राहतो पुण्यात. लेक पाच वर्षांची. केस बाबांसारखे, स्प्रिंगसारखी बारीक वेटोळी. ओले असताना खांद्यावर येतात, वाळले की कानाशी.

आधी रोज खोबरेल चोपडून कोरड्याच केसांत कंगवा घालायचे. केस तुटायचे, पोर रडायची. ते बंद केलं. आता आठवड्यातून एकदा सल्फेट नसलेला शाम्पू, मग भरपूर कंडिशनर लावून ओल्या केसांतच बोटांनी गुंता सोडवते, टोकांपासून सुरुवात करून वर मुळांकडे. त्यावर लीव्ह-इन क्रीम (न धुता केसांतच ठेवायचं), शेवटी तेलाचे चार थेंब, रात्री सॅटिनची टोपी. पावसाळ्यात हे इतकं छान जमलं होतं की ती स्वतः आरशात बघून बटा ओढून सोडायची.

उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि केसांचा पार काथ्या झाला. नळावर पांढरा थर धरतो, तसंच काहीतरी केसांवरही बसतंय. क्रीम वरच राहतं, मुरत नाही. खाज किंवा कोंडा नाही. शाळेला दोन वेण्या लागतात, पण घट्ट वेण्यांनी कपाळाजवळ विरळ व्हायला लागले होते, म्हणून सैलच घालते. केस सरळ करणं किंवा बारीक कापणं नको आहे, तिला ते फार आवडतात.

असे केस सांभाळणाऱ्यांना विचारायचंय: क्षार काढणारा चिलेटिंग शाम्पू एवढ्या लहान मुलीला वापरलाय का, किती दिवसांनी? की शेवटचं पाणी आरओचं घेतलं तरी भागतं?