विषय: व्होक्सझोगो ठाण्यात – फ्रिजमध्ये की बाहेर?

कल्याणी:
मंडळी, घाईत लिहितेय. शुक्रवारी रात्रीचं विमान, पुतण्याची मुंज नौपाड्यात. माझ्या चिनूच्या व्होक्सझोगोच्या (हाडांच्या वाढीसाठी रोज टोचायचं औषध) व्हायल्स, म्हणजे छोट्या बाटल्या, सोबत. माहितीपत्रक म्हणतं २ ते ८ अंश, नाहीतर ३० अंशांच्या आत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि एकदा बाहेर ठेवलं की परत फ्रिजमध्ये नाही. ठाण्यात मे महिन्यात घर ३० च्या आत कुणाचं असतं? सासूबाईंकडे एसी एकाच खोलीत, तोही रात्रीपुरता. मग गार पिशवीतून थेट फ्रिजच ना? आणि लाईट गेली तर?

माधवकाका:
नौपाड्यात लाईट जात नाही. जाते ती घोडबंदरला. गेलीच तर फ्रिजचं दार उघडू नका, तीन-चार तास काही होत नाही. बर्फाच्या कप्प्याला चिकटून मात्र ठेवू नकोस. गोठलं की संपलं.

सुनीता:
काका, कासारवडवलीला आमच्या सोसायटीत जनरेटर आहे. नौपाड्यात मागच्या गणपतीत आरती मोबाईलच्या उजेडात कुणी म्हटली?

माधवकाका:
तो फ्यूज होता.

अजित:
राग मानू नका, पण रोज सुई कशाला? पोहणं, लटकणं, दूध-अंडी. माझा भाचा दहावीनंतर एकदम ताडमाड वाढला.

कल्याणी:
अजित, हे कॅल्शियमचं नाही. अकॉन्ड्रोप्लेजिया आहे, हाडांची वाढ खुंटवणारा जन्मजात विकार. एफजीएफआर३ जनुकातल्या बदलामुळे हाडांच्या टोकाच्या कूर्चेला सारखा 'वाढू नको' असा हुकूम सुटतो, हे औषध तो हुकूम अडवतं. आमच्या दोघांच्या घरात हे कुणालाच नाही. साधारण १० पैकी ८ मुलांमध्ये बदल नव्यानेच झालेला असतो. औषधाच्या चाचणीत वर्षाला सरासरी दीड सेंटीमीटर जास्त वाढ दिसली. चमत्कार नाही, पण वाढीच्या प्लेट्स (तीच टोकाची कूर्चा) बंद झाल्या की तेवढंही मिळत नाही. लटकून झालंय आमचं.

कार्यवाह:
आरोग्याचे प्रश्न आरोग्य लिस्टवर टाकायचे असं कार्यकारिणीत ठरलंय. इथे हॉल बुकिंग आणि आंब्याच्या ऑर्डरी.

शर्वरी:
आरोग्य लिस्टवर दिवाळीपासून कुणी फिरकलेलं नाही. कल्याणी, थेट फ्रिज बरोबर. चेक-इनमध्ये टाकू नकोस, डॉक्टरांचं पत्र हातात ठेव. पावडर कालवल्यावर तीन तासांत टोचायचं, तेव्हा मुंजीच्या गडबडीत आधी तयार करून ठेवू नका. बीपी उतरू शकतं म्हणून आधी थोडं खाणं आणि ग्लासभर ताक किंवा पाणी, त्या उन्हात तर नक्कीच. वेळेचा फरक साडेतीन तास. इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिथले साडेदहा, चिनू झोपलेला असेल. वेळ थोडी अलीकडे घेता येईल का ते डॉक्टरांना विचार. डोस चुकला तर १२ तासांच्या आत देता येतो, त्यानंतर सोडून दुसऱ्या दिवशीचा.

प्रज्ञा:
मुक्काम वाढला तर पुढचा डबा मी आणते, जूनमध्ये येतेच आहे.

शर्वरी:
नको गं. सामानातून औषध नेताना ते प्रवाशाच्या स्वतःच्या वापराचं लागतं. दुसऱ्याच्या मुलाचं असेल तर वेगळा परवाना काढावा लागतो.

कल्याणी:
ठरलं, फ्रिज. पण सासूबाई म्हणतात आंब्यांनी तो भरलाय.

माधवकाका:
वहिनींना मी फोन करतो. हापूस फ्रिजमध्ये ठेवतात का कधी?