बाबांची अर्धवट राहिलेली रेसबोट पुरी करायची आहे – सल्ला हवा

रेवा_आठ

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. शेडमध्ये ताडपत्रीखाली त्यांची शेवटची बोट उलटी ठेवलेली आहे. साडेचार मीटर, मरीन प्लायची; पुढे दोन बाजूंना दोन स्पॉन्सन (बाहेर काढलेले तरंगते भाग), मागे अरुंद तळ. म्हणजे वेग घेतला की तीनच ठिकाणी पाण्याला टेकणारी हायड्रोप्लेन. डेक लावायचं राहिलंय. सोबत चार वह्या आहेत, आधीच्या दोन बोटींच्या चाचण्यांच्या नोंदींनी भरलेल्या. चौथ्या वहीच्या शेवटच्या पानावर फक्त एक ओळ आहे: "डावा स्पॉन्सन परत बघणे."

भाऊ म्हणतो, करायचंच तर जेट इंजिन बसवू आणि थेट जागतिक विक्रमाच्या मागे लागू. मला वाटतं, बाबांनी आखलं होतं तसं आउटबोर्डवरच (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन) राहावं आणि त्या वर्गाचा विक्रम बघावा. आई आम्हा दोघांवर वैतागली आहे.

हीच बोट पुरी करावी की नवी बांधावी? इंजिनाचं काय? मला लाकूडकाम येतं, भावाला वेल्डिंग आणि इंजिनं. चालवायला मात्र दोघंही एका पायावर तयार, तो घोळ वेगळाच.

सुकाणू

भावाला आधी आकडे दाखवा. पाण्यावरचा विक्रम ताशी ५११ किलोमीटरचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीने ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयात तो केला आणि अजून कुणी मोडलेला नाही. त्यानंतर प्रयत्न करणाऱ्यांपैकी ली टेलर १९८० मध्ये गेला, क्रेग आर्फन्स १९८९ मध्ये.

वॉर्बीने ती बोट घराच्या परसात लाकूड, प्लाय आणि फायबरग्लासमधून बांधली, इंजिन लष्कराच्या लिलावातून उचललं. ही गोष्ट ऐकली की प्रत्येकाला आपलं परस आठवतं. त्याआधी किती वर्षं तो लहान बोटी बांधत आणि पळवत होता, ते कुणी सांगत नाही.

शंकासुर

जेट म्हणजे विमानातलं, तसंच्या तसं? 😳

सुकाणू

हो, तसंच्या तसं. ब्रिटनच्या विक्रमवीर डोनाल्ड कॅम्पबेलच्या ब्लूबर्ड के-७ या बोटीमध्ये १९६६ ला बसवलेलं ऑर्फियस इंजिन आपल्या ओळखीच्या नॅट विमानात असतं तेच. वॉर्बीचा मुलगा डेव्ह, त्याच्या 'स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया २' मध्येही ऑर्फियसच आहे. ती बोट बापलेकांनी मिळून उभी केली. केन २०२३ मध्ये गेला.

पण रेवाताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला कॅम्पबेलांच्या घरात दिसतं. वडील माल्कम यांनी १९३९ साली ब्लूबर्ड के-४ मधून ताशी २२८ किलोमीटरचा विक्रम केला. ते गेल्यावर डोनाल्डने तीच बोट बाहेर काढली, मेकॅनिकही वडिलांचेच, लिओ व्हिला. दोन-तीन वर्षं ती बदलत बदलत पळवली आणि १९५१ मध्ये कोनिस्टन तलावावर भर वेगात तिचा तळ गेला. मग के-७ नव्याने बांधली आणि १९५५ मध्ये ताशी ३२५ गाठले. बोट नवी, मेकॅनिक तोच. तुमच्याकडे व्हिलाच्या जागी चार वह्या आहेत.

आरपार

असहमत. जुनी हल (बोटीचं मूळ धड) दिसली की टाका म्हणणारे फार झाले. नीट राखलेला मरीन प्लाय सहज टिकतो. बाबांच्या हातची बोट तपासल्याशिवाय भिंतीवर टांगू नका.

लाकूडवेडी

तपासा, तेही आजच. रेवा, एक अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी घे, मीटरभर तरी हवी. बोट उलटी आहे हे बरंच आहे. स्पॉन्सनच्या तळावर मागच्या कडेपासून पुढे पट्टी उभी धर, पलीकडून टॉर्च मार आणि डोळा पट्टीच्या पातळीला आण. उजेडाची रेघ दिसली तर तळ आत गेलाय. त्याला हुक म्हणतात. नाक खाली दाबतो आणि वेग खातो. पट्टी मध्येच टेकून डुगडुगली तर तळाला पोट आलंय. मग बोट वेगात डॉल्फिनसारख्या उड्या मारते. हातभर लांबीत दोन मिलिमीटरही पुष्कळ झाले.

दुसरं, पीळ. डाव्या स्पॉन्सनच्या मागच्या टोकापासून वराम्याच्या (बोटीच्या मागच्या टोकाच्या) उजव्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताण, दुसरा त्याच्या उलट. मधोमध दोन्ही दोरे एकमेकांना नुसते शिवले पाहिजेत. एकाने दुसऱ्याला दाबलं किंवा मध्ये फट राहिली, तर सांगाडा पिळलाय. पिळलेला सांगाडा सरळ करण्यापेक्षा नवा बांधणं सोपं.

तिसरं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे टकटक कर. टणक आवाज हवा. बद्द वाजलं की तिथे थर सुटलेत.

नवी बांधलीस तर इपॉक्सीबद्दल (दोन भाग मिसळून करायचा डिंक) एवढं ऐक. मिश्रण खोल डब्यात ठेवू नकोस, स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर काढतं. पसरट ट्रेमध्ये ओत. थर वाळल्यावर वर मेणचट साय येते, ती आधी पाण्याने धुवायची आणि मगच घासायची. मी उलट केलं होतं. महिन्याभराने पुढचा थर नखाने निघाला, आणि मी रडले होते, खरंच.

पिस्टनराव

रेवाताईंना अनुमोदन, आउटबोर्डच. इंजिनाच्या आकारानुसार वर्ग असतात. यूआयएमचं (मोटरबोट शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमपुस्तक आधी वाचा, वर्ग ठरवा, मग लाकडाला हात लावा. विक्रमाला ठरलेल्या अंतरावर दोन्ही दिशांनी एकेक फेरी, तीही एका तासात, आणि दोन्हींची सरासरी. मोबाइलवरच्या आकड्याचं कौतुक घरच्यांनी करावं.

पंखा (प्रोपेलर) अर्धा पाण्याबाहेर फिरणारा लागेल. इंजिनाची उंची पाच-पाच मिलिमीटरने बदला आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पंखा आणि उंची एकदम बदललीत तर वेग कशाने वाढला ते कधीच कळणार नाही. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली हवी, अगदी पहिल्या संथ फेरीतसुद्धा.

सुकाणू

त्या एका तासावरून आठवलं. बोटीखाली शिरणाऱ्या हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, रेटा चौपट. नाक काही अंश जास्त उचललं की मग हवाच बोट उलटवते. ४ जानेवारी १९६७ ला कॅम्पबेलची पहिली फेरी ताशी ४७९ च्या आसपास झाली. पाणी शांत व्हायची वाट न बघता तो परत फिरला, आणि दुसऱ्या फेरीत के-७ हवेत उचलून उलटली. तो त्यातच गेला.

तेव्हा चालवणार कोण याआधी थांबवणार कोण ते ठरवा. ते काम काठावरच्या माणसाचं, आणि त्याच्याशी वाद घालायचा नाही हेही आधीच ठरवा. भावंडांत हे कठीण असतं, अनुभव आहे.

रेवा_आठ

आठवड्याने परत आले. सगळ्यांचे आभार.

दोरे जवळजवळ शिवतात, सांगाडा बरा आहे. डेक येणार आहे त्याखालच्या भागात दोन ठिकाणी बद्द वाजतं. आणि डाव्या स्पॉन्सनला पट्टी लावली तर मागच्या कडेपासून वीतभर आत उजेड दिसला. जाड पुठ्ठा आरामात सरकतो. उजव्याला केसही जात नाही. भावाने पट्टी माझ्या हातातून घेऊन तीनदा लावून बघितली, मग शेडबाहेर जाऊन बसला.

ठरलं ते असं. बाबांच्या बोटीवरून पुठ्ठ्याचे साचे काढायचे, डाव्यासाठी उजवा उलटा करून. नवी बोट त्यांच्याच रेषांवर, आउटबोर्डची. @आरपार, जुनी टांगणार नाही. तिच्यावर आधी स्पॉन्सन दुरुस्त करायचा सराव करणार. चालवणार भाऊ. थांबवायचा लाल झेंडा आईने मागून घेतला, आम्ही दोघं गप्प.

@लाकूडवेडी, स्पॉन्सनची मागची कड धारदार हवी असं वहीत आहे. ती भरायला इपॉक्सीत काय मिसळू? घरात मायक्रोबलूनचा (पोकळ गोळ्यांची हलकी भरण-पूड) डबा आहे.

लाकूडवेडी

तो डबा तिथे नको. घासायला लोण्यासारखा, पण कड टवके होऊन उडेल. सिलिका मिसळ, वरून काचकापडाची पट्टी. आणि कड गोल करायचा मोह होईल, करू नकोस. पाणी तिथून तुटून सुटलं पाहिजे.