खांदेरीचं लाईटहाऊस, वेताळ आणि तुमचे अनुभव

परवा अलिबागला जेवताना जवळच्या खांदेरी बेटाचा विषय निघाला आणि जो तो आपापली भुतं काढून बसला. १८६७ चं अष्टकोनी लाईटहाऊस, अजून चालू आहे. १९९८ पासून बेटाचं नाव कान्होजी आंग्रे बेट, २०२५ मध्ये किल्ला युनेस्कोच्या यादीतही गेला, पण तिथल्या रात्रींबद्दल कोणी लिहीत नाही. तुम्ही लिहा. ऐकीव चालेल, व्हॉट्सॅपवरचं नको.

दर्यावर्दी: आम्ही थळचे कोळी. तिकडे वेताळाचं देऊळ आहे, आत मोठी पांढरी शिळा, ती वर्षावर्षाला वाढते असं आमच्यात मानतात. आजा सांगायचा, रात्री जाळं टाकताना बेटाच्या बाजूने हाक आली तर ओ द्यायची नाय, नारळ कबूल करायचा आन् गप कामाला लागायचं. भुतांचा राजाच बसलाय तिथे, बाकीच्यांची काय टाप!

मीठभाकर: बाबा लाईटहाऊसवर ड्युटीला असायचे, खांदेरी नव्हे, खाली रत्नागिरीकडे. रात्री वरून धाडकन आवाज यायचा, नवीन माणूस घाबरून अर्धा व्हायचा. सकाळी गॅलरीत बघावं तर पक्षी मरून पडलेले, उजेडाला भुलून काचेवर आपटायचे बिचारे. मान मुरगळलेली, पिसं काचेला चिकटलेली. ती पुसायचं कामही बाबांकडेच. भुताला नाही, एकटेपणाला भ्यायचो म्हणायचे.

बखरप्रेमी: अहो भुतं असायला कारण आहे ना! १६७९ मध्ये महाराजांनी बेटावर तटबंदी सुरू केली, मुंबईच्या तोंडाशी किल्ला म्हटल्यावर इंग्रजांनी आरमार धाडलं, इकडून मायनाक भंडारी बेटावर आणि दौलतखान समुद्रात, ऑक्टोबरमध्ये तर इंग्रजांचं डव्ह जहाजच धरलं आणि शेवटी त्यांनाच माघार घ्यावी लागली. त्या पाण्यात किती माणसं गेली असतील. तरी गोऱ्या साहेबाच्या भुताची गोष्ट थळमध्ये कोणी सांगत नाही, मला हे फार आवडतं.

भटकी_मंडळी: भूत नाही दिसलं, पण बेटावरचा तो वाजणारा दगड वाजवला. दुसऱ्या दगडाने ठोकला की भांड्यासारखा टण्ण वाजतो, बाजूचे सगळे मुके. सोबतच्या काकूंनी लगेच हात जोडले. चाकांच्या गाड्यांवरच्या तोफाही बघा, लोक सेल्फी काढून पुढे पळतात.

मीठभाकर: @भटकी_मंडळी होडी थळहून मिळाली का? आईला न्यायचंय, पावसाळा सोडून.