घटस्फोटाआधी सासर सोडलं तर हक्क जातो का?

मुळाकाठ: धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. पुण्यात राहते, फ्लॅट सासूबाईंच्या नावावर, मुलगा चार वर्षांचा. मारहाण नाही, पण रोजचे टोमणे आणि "निघ इथून" हे नवऱ्याचं पालुपद. आई म्हणते माहेरी ये. काका म्हणतात, उंबरा ओलांडलास की सगळं गेलं. दागिने दोघांच्या नावावरच्या लॉकरमध्ये आहेत.

पायरीचा दगड: काकांचं कायद्याने चूक, व्यवहाराने अर्धं बरोबर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १७ तिला सामायिक घरात, म्हणजे नवऱ्यासोबत जिथे संसार केला त्या घरात, राहण्याचा हक्क देतं, मग मालकी कोणाचीही असो. सासू-सासऱ्यांचं घरही त्यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या सतीश चंदर आहुजा निकालात मान्य केलं. टोमणे, हाकलण्याच्या धमक्या हाही त्या कायद्यात हिंसाचारच. पण हा राहण्याचा हक्क, मालकीचा नव्हे. सासूबाई वयस्कर असतील तर न्यायालय 'तिथेच राहा' ऐवजी पर्यायी जागा किंवा भाडं द्यायला लावू शकतं.

अडतं कुठे? ती बाहेर पडते, दुसऱ्या दिवशी कुलूप बदलतं. मग आत शिरायला कलम १९ चा आदेश हवा. कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागता येतो, पण तारखा लांबतात. आत असताना 'बाहेर काढू नका' असा आदेश मिळवणं त्याहून सोपं.

परित्यागाची, म्हणजे 'बायको सोडून गेली' या कारणावरून घटस्फोट मागितला जाण्याची, भीती फार घेऊ नका. हिंदू विवाह कायद्यात त्याला सलग दोन वर्षं लागतात, आणि सबळ कारणाशिवाय सोडलेलं असावं लागतं. म्हणून कारण त्याच वेळी लेखी हवं.

गुंजभर: निघायचंच ठरलं तर आधी दागिने. प्रत्येक नग सोनाराच्या काट्यावर ठेवून, वजनाचा आकडा दिसेल असा फोटो घ्या. 'पाटल्या' एवढंच लिहून भागत नाही. किती ग्रॅम, कोणी दिल्या, पावती आहे का, तेही हवं. पावती नसेल तर लग्नाच्या अल्बममधला तोच नग शोधा. लॉकरमधून फक्त स्वतःचं स्त्रीधन, म्हणजे तिला स्वतःला मिळालेले दागिने, काढा. सासूबाईंची एक अंगठी जरी सोबत आली तरी उलटी चोरीची तक्रार होते.

नवऱ्याची पगारपत्रकं आणि आयकर विवरणपत्रं हाताशी असतील तर फोटो काढून ठेवा. पोटगीच्या अर्जात दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तेव्हा त्याचे आकडे ताडून बघता येतात. ईमेलचे पासवर्ड बदला. बहुतेकींचा जुना पासवर्ड नवऱ्याला पाठ असतो.

मुळाकाठ: मुलाला आठवडाभर तिथेच ठेवून जावं का? आणि सासरचे म्हणतायत, 'स्वखुशीने जाते' एवढं स्टँप पेपरवर लिहून दे.

पायरीचा दगड: दोन्ही नको. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असतो, पण आठवड्याचे चार महिने झाले की 'मूल इथे रुळलंय' हा युक्तिवाद तयार. त्याचा जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या. बालवाडी शक्यतो बदलू नका. निघाल्या दिवशीच नवऱ्याला मेसेज: तारीख, कारण, कुठे आहोत, मुलाला कधी भेटता येईल. शिवीगाळ नको, तोच मेसेज पुढे न्यायाधीश वाचतील.

त्या कागदावर सही केली तर परित्यागाचा पुरावा आपणच लिहून दिला. आणि नोटरीसमोरचा घटस्फोट हा हिंदू विवाहात घटस्फोट नव्हेच.

चावडी: एक पुरवणी. परस्परसंमतीच्या अर्जाला एक वर्ष वेगळं राहिल्याची अट आहे, त्यासाठी म्हणून कोणी घर सोडू नये. पती-पत्नीचे संबंध संपलेले असतील तर एकाच छपराखालचं राहणंही त्यात धरलं जातं.

पण हात उगारला गेला तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्याच क्षणी बाहेर पडायचं. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन, मग संरक्षण अधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) घटनेचा अहवाल. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तिचा फोन घरात तपासला जात असेल तर हे फोन शेजारणीच्या मोबाईलवरून करा.