मदत हवी आहे : गृहचौकशीसाठी मराठी प्रश्नावली आहे का कुणाकडे?

नमस्कार मंडळी. बाल कल्याण समितीवर (घरातून निघालेल्या, निराधार अशा मुलांबाबत निर्णय घेणारी समिती) नव्याने आलेल्या सदस्यांसाठी गृहचौकशीची, म्हणजे मुलाच्या घरी जाऊन करायच्या चौकशीची, एक पानी प्रश्नावली हवी आहे.

2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सामाजिक तपासणी (गृहचौकशी तिचाच भाग) 15 दिवसांत व्हायला हवी आणि अंतिम आदेशाला किमान तीन सदस्य लागतात. पण हाती येणारा अहवाल बहुतेक वेळा एकाच साच्यातला: ‘आर्थिक परिस्थिती हलाखीची, पालक ताबा घेण्यास तयार.’ यावर निर्णय काय घेणार? मूल घरी पाठवलं की महिन्याभरात पुन्हा त्याच रेल्वे स्टेशनवर सापडतं, कारण ते घरातून का निघालं हे कुणी विचारलेलंच नसतं.

ऊसतोड कुटुंबांचं आणखी अवघड. दिवाळीनंतर गावच्या घराला कुलूप असतं. तेव्हा भेट फडावरच्या कोपीला (झोपडीला) द्यायची की गावातल्या आजीला? मूल दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर कलम 95 खाली त्याला तिकडे पाठवण्याआधी तिथल्या समितीशी सल्लामसलत करावी लागते, मुलीसोबत महिला पोलीस अधिकारी द्यावी लागते. फोनवर ‘हो, पाठवा’ एवढं झालं की कागद मागे राहतात, आणि तिकडे चौकशी पुन्हा पहिल्यापासून.

तर दोन गोष्टी हव्यात:
1. घरी रात्री कोण असतं, मूल कुठे झोपतं, शाळा कधी सुटली, शेजारी काय सांगतात असे नेमके प्रश्न असलेला नमुना.
2. सहा ते दहा वर्षांच्या मुलांशी पालकांना बाहेर बसवून बोलताना कोणते प्रश्न चालतात? ‘घरी जायचंय का?’ हा नको, त्याला मुलं हमखास ‘हो’ म्हणतात.

नमुना पाठवताना मुलांची नावं, गावं कृपया खोडा.