मूल आजारी पडलं की रजा कोणी टाकायची?

धावपळी:
आम्ही दोघं नोकरीवाले, लेक चार वर्षांची. एरवी जमतं, पण पाळणाघरातून "ताप आलाय, घेऊन जा" असा फोन येतो तो मलाच. नवरा मदतीला नाही म्हणत नाही हो, पण "कुठलं औषध? किती द्यायचं? बाटली कुठल्या खणात?" हे मलाच विचारतो. लसीची तारीख, लहान झालेले बूट, सगळं माझ्याच डोक्यात. माझी अर्धीअधिक रजा तिच्या सर्दी-तापातच जाते. तुमच्याकडे कसं चालतं? "नोकरी सोड" हा सल्ला नको, तो घरी फुकट मिळतो.

शिफ्टवाला_बाबा:
लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे, त्यामुळे "अचानक आजारी पडली" म्हणायची सोयच नाही. आम्ही सम तारखा बायकोच्या, विषम माझ्या असं ठरवलंय. मीटिंग असेल तर आधीच अदलाबदल करायची. फोन आल्यावर चर्चा नाही. पाळणाघरात पहिला नंबर माझा आहे, तरी तिथल्या ताई बरेच दिवस आईलाच फोन लावायच्या!

जुळ्यांची_आई:
सुटी कामं नका वाटू, अख्खं खातं द्या. आमच्याकडे दवाखाना पूर्ण नवऱ्याकडे: अपॉइंटमेंट, लसीचं कार्ड, औषध संपत आलंय हे लक्षात ठेवणंसुद्धा. मी मध्ये बोलायचं नाही, आणि खरं सांगते, मला तेच जड गेलं. बाटली त्याने भलत्याच खणात ठेवली तर ठेवू दे. फक्त तापाच्या औषधाचा डोस मुलाच्या वजनावर असतो आणि प्रत्येक सिरपची ताकद वेगळी, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला डोस लिहून त्याच बाटलीवर चिकटवा.

धावपळी:
दाखवलं त्याला. दवाखाना घेतो म्हणाला. पण त्याचा साहेब विचारतो, "बायको नाही का घरी?"

एकटीच_खंबीर:
मला तर वाटून घ्यायला कोणी नाही, तरी साहेब तेच विचारतात, फक्त "आजी नाही का?" असं! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १५६ क्रमांकाचा करार १९८१ चा आहे. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या स्त्री-पुरुष दोघांसाठी. साहेबांपर्यंत अजून पोचलेला दिसत नाही.

शिफ्टवाला_बाबा:
मलाही विचारलं होतं. "आहे, पण ऑफिसात आहे," म्हटलं आणि रजेचा अर्ज पुढे केला. नवऱ्याला सांगा, कारण लेखी द्यायचं: "मुलगी आजारी". "वैयक्तिक काम" लिहायचं नाही.